पोटाची चरबी आणि शुगरचा आजार

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड्. झालेला माणूस, इतिहास शिकवतो. मी वैद्यकावर बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय माझ्या घरीच चालत आला, म्हणून मला तो वाचावा लागला. जे समजले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

माझे मामू अंगाने काटकुळे. तरुणपणी सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करीत. पुढे दुकान झाले आणि दिवसभर गादीवर बसणे आले. वजन कधी ५५ किलोच्या पुढे गेले नाही, कुर्त्याखाली पोट मात्र सुटले. आम्ही त्याला बरकतीची खूण समजत होतो! "शुगर जाड्यांना होते, आपल्याला कशाला होईल?" असे तेच म्हणत. एकदा चपलेने पायाला जखम झाली, ती दोन महिने भरेना. नांदेडला तपासणी केली तेव्हा साखर निघाली, आणि तीही जुनी. शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला.

असे का व्हावे? शरीरात चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे साठली आहे याला महत्त्व अधिक आहे. फ्रान्समधील मार्सेय शहराचे डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी १९४७ सालीच दाखवून दिले होते की, मांड्या व कुल्ल्यांवरच्या चरबीपेक्षा पोटाकडच्या चरबीचा मधुमेहाशी संबंध अधिक असतो. कातडीखालची चरबी म्हणजे घरातली कोठी समजा, तेथे माल सुरक्षित राहतो. कोठी लहान असली की माल ओसरीत, चुलीपाशी, जागा मिळेल तेथे पडतो. तशी चरबी आतड्यांभोवती व यकृतात साठते. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन रक्तातील साखर स्नायूंत पोहोचविते आणि यकृताला "आता साखर सोडू नकोस" असे सांगते. चरबीने भरलेले यकृत व स्नायू या इन्शुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड जादा इन्शुलिन तयार करते, कित्येक वर्षे करीत राहते, आणि एक दिवस थकते. साखर वाढलेली आपल्याला दिसते ती तेव्हा. रक्तदाब आणि हृदयविकारही याच वाटेने येतात.

आता आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट ऐका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळलाच नाही. माझ्या मामूंनाही तो काट्यावर कधी कळला नसता.

याचे मूळ जन्माआधीच आहे. याज्ञिकांच्या पथकाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायूंना उणी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. पुढे असेही आढळले की, ज्या मातांना बी-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी दाद देत होती. (डॉक्टरांनी दिलेली गोळी यावरून कोणी बंद करू नये. बी-१२ची उणीवही भरून काढावी, एवढाच अर्थ.)

बी-१२ मिळते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. आपण म्हणू, आमच्याकडे तर गोश्त शिजते. शिजते खरे, पण माझ्याच घरात मी लहानपणापासून पाहिले की बोटी अब्बांच्या व आम्हा भावांच्या ताटात, आणि आपांच्या ताटात रस्सा. अम्मी तर सर्वांत शेवटी पातेले पुसून जेवायची. आज नववीत बसलेली मुलगी उद्या आई होणार आहे. तिच्या ताटातले अंडे तिच्या बाळापर्यंत पोहोचते. लग्नाच्या जेवणावळीवर आपण जो खर्च करतो, त्यातला थोडा तिच्या दुधावर झाला तर मला अधिक आनंद होईल.

मोठ्यांसाठी मोजकेच सांगतो. भाकरी सोडू नका, शेजारी डाळ-भाजी वाढवा, चहातली साखर आणि तळलेले कमी करा. इफ्तारला आपण भजी आणि गोड सरबताने सुरुवात करतो, तेथे हात आवरावा. ज्यांना शुगर आहे त्यांनी रोजे धरण्यापूर्वी गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून घ्यावे. रोज अर्धा तास झपाझप चालावे, कारण चालणारा स्नायू साखर ओढून घेतो. आणि तीस वर्षे झाली की अंगकाठी कशीही असो, उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. १०० ते १२५ आली तर ती सूचना आहे, १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत.

पोट मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावे. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. माझे ९३ भरले, तेव्हापासून शाळेत सायकलने येतो. आज मी दोन टेप आणल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर पुरुष मंडळींनी सातवीच्या वर्गात यावे, भगिनींसाठी आपल्या शिक्षिका ग्रंथालयात थांबणार आहेत. मामूही आले आहेत, पहिल्या रांगेत बसले आहेत. ज्यांना त्यांच्याशी बोलायचे असेल त्यांनी अवश्य बोलावे.