खुबा नवा, घर जुनेच
(शिरोळ येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गावात कुणाचा खुबा बदलला, की पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा डॉक्टरांच्या नावाचा. घरात उंबरठे किती, मोरीची फरशी निसरडी आहे का, शौचालय कोणत्या पद्धतीचे, हे कुणी विचारत नाही. वास्तविक शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत उरकते. मिरज-सांगलीहून किंवा कोल्हापूरहून रुग्ण काही दिवसांत घरी परततो. त्यानंतरचे तीन महिने परीक्षा असते ती घराची.

सांधेरोपण हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या ओठांवर आला, त्याला अटलबिहारी वाजपेयी यांची शस्त्रक्रिया पुष्कळ अंशी कारणीभूत आहे. पंतप्रधान असताना ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांचा डावा आणि जून 2001 मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत त्या पथकाचे प्रमुख होते. पुढे गावोगावी गुडघे बदलून घेतलेली माणसे दिसू लागली. मात्र त्यातून एक घोटाळाही झाला. गुडघ्याच्या रुग्णाला डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगतात, ‘वाकवा, आणखी वाकवा’. गुडघा न वाकवल्यास तो आखडतो. खुब्याचे शास्त्र वेगळे आहे. तेथे सुरुवातीच्या काळात फार वाकणेच धोक्याचे. शेजारचे काका गुडघ्याच्या अनुभवावरून खुब्याच्या रुग्णाला व्यायाम शिकवू लागले, तर त्यांचा हेतू कितीही निर्मळ असो, त्यांना चहा पाजून निरोप द्यावा हेच बरे.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत फिरते. झीज होऊन, हाड मोडून किंवा रक्तपुरवठा तुटून ते टोक निकामी झाले, की चेंडू आणि वाटी दोन्ही बदलतात. या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी. त्यांनी प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. काही वर्षांतच त्या झिजल्या आणि केलेल्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. 1962 मध्ये त्यांनी चिवट पॉलिथिनची वाटी बसवली आणि मार्ग सापडला. आज शंभरांपैकी सुमारे 58 कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकतात, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. पण चार्नलींचे रुग्ण खुर्चीवर बसणारे, टेबलावर जेवणारे आणि कमोड वापरणारे होते. शिरोळच्या माणसाचे आयुष्य जमिनीवर जाते.

सकाळी उकिडवे बसण्यापासून दिवस सुरू होतो. पाटावर बसून पूजा, मांडी घालून जेवण, खाली बसून विळीवर भाजी चिरणे, गोठ्यात वाकून शेण काढणे, दुपारी सोप्यात घोंगड्यावर आडवे होणे, संध्याकाळी पाय दुमडून कट्ट्यावर गप्पा. पाठीमागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पहिले सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळण्यास सांगितल्या जातात. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. यांतली एखादी गोष्ट मोडली तर चेंडू वाटीतून निसटू शकतो. आता वरची यादी पुन्हा पाहा. तिच्यातील बहुतेक सगळी कामे निषिद्ध ठरतात. काही शल्यविशारद पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करतात. तेथे पथ्ये वेगळी आणि बहुधा सैल असतात. म्हणून घरी येण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : आमच्या रुग्णाला कोणती हालचाल वर्ज्य, आणि किती दिवस? उत्तर कागदावर लिहून भिंतीला लावावे. सुनेला एक, मुलाला दुसरे आणि पाहुण्यांना तिसरेच ठाऊक, असा प्रकार घरोघरी चालतो.

बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहिला पाहिजे, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले. खाट बुटकी असेल तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. खुर्ची हातांची आणि उंच हवी. आत खोल रुतवणारा सोफा नको. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवायची कमोड खुर्ची बाजारात मिळते. ती शस्त्रक्रियेच्या आधी आणून तिच्यावर बसून उठण्याचा सराव करावा. मोरीत भिंतीला पक्की दांडी, जमिनीला खरखरीत पट्टी, रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा. वॉकर अडेल असे गोणपाट आणि सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. पडलेली वस्तू वाकून उचलू नये, त्यासाठी लांब चिमटा मिळतो. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

आपल्याकडे सेवाभाव मोठा आहे, पण सेवेनेही अपाय होतो. मुलगा पाणी हातात देतो, सून ताट खाटेवर आणते, नातू चप्पल सरकवतो, आणि तीन महिन्यांनी सगळे आश्चर्य करतात की आजोबा अजून चालत कसे नाहीत! नवा सांधा धातूचा असतो, पण तो हलवणारे स्नायू रुग्णाचे स्वतःचेच असतात आणि वापराविना ते गळतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करणारे डॉक्टर निष्ठुर नसतात.

रुग्ण गृहिणी असेल तर चित्र नेमके उलटे. तिला विश्रांती कुणी देत नाही आणि ती स्वतःही घेत नाही. दहाव्या दिवशी ती विळीशी बसते, पंधराव्या दिवशी धुण्याच्या दगडापाशी. कर्त्या पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर घराचे वेळापत्रक बदलते, बाईच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र तिनेच घराला सांभाळून घ्यायचे, हा संस्कार नव्हे; त्याला दुसरे नाव आहे. विळी तीन महिने माळ्यावर ठेवावी, भाजी उभ्याने ओट्यावर सुरीने चिरावी, आणि चिरणारे हात कधी पुरुषांचेही असावेत.

दुचाकीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसण्याची बायकांची पद्धतही या काळात टाळायची. तोल, झटका आणि वळलेला पाय, तिन्ही तिथे एकत्र येतात. जयसिंगपूरला तपासणीसाठी जायचे तर चारचाकीत पुढचे आसन मागे सरकवून, आधी बसून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत.

नृसिंहवाडीच्या दर्शनाचा प्रश्न हमखास निघतो. शिरोळच्या वृद्धाला ‘वाडीला कधी जाता येईल?’ ही बरे होण्याची खरी मोजपट्टी वाटते. घाटाच्या ओल्या पायऱ्या हे तिथले संकट आहे. काठी सुटली, चाल सरळ झाली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की सोबतीने, गर्दी नसलेल्या सकाळी जावे. साष्टांग नमस्काराचा आग्रह धरू नये. उभ्याने जोडलेले हात दत्तमहाराजांना पोहोचत नाहीत, असे कुठल्या शास्त्रात सांगितलेले नाही. पौर्णिमेची आणि दत्तजयंतीची गर्दी पुढच्या वर्षीसाठी ठेवावी.

काही लक्षणांवर घरगुती उपाय करू नयेत. पोटरी सुजून दुखू लागली तर तेल लावून चोळणे धोक्याचे आहे, कारण तिथे रक्ताची गुठळी असू शकते. एकाएकी धाप लागणे किंवा छातीत दुखणे हे तर तातडीने रुग्णालय गाठण्याचे कारण. ताप, जखमेतून स्राव, पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणे, यांतही उशीर नको. हाडवैद्याकडून कृत्रिम सांधा ‘बसवून’ घेण्याचा विचारसुद्धा नको.

कागदपत्रांचेही भान ठेवावे. ऑगस्ट 2010 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीने ‘एएसआर’ जातीचे खुबे जगभरातून परत मागवले. त्यांतील धातू झिजून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात सुमारे 4700 शस्त्रक्रियांत ते वापरले गेले होते आणि पुढे केंद्र सरकारच्या समितीने शोध घेतला तेव्हा बहुसंख्य रुग्णांचा मागच लागला नाही. म्हणून सांध्याच्या खोक्यावरील क्रमांकाची चिकटपट्टी रुग्णालयाकडून मागून घ्यावी आणि शेतीच्या उताऱ्याइतकी जपावी. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. आपले रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया तीत बसते का, याची खात्री आधी करावी.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. मोडलेले हाड वाट पाहत नाही, तिथे निवड नसते. झिजलेल्या खुब्यासाठी मात्र तारीख ठरवता येते, आणि शिरोळ तालुक्यात ती कृष्णा-पंचगंगेला विचारून ठरवावी लागते. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांचा महापूर इथे प्रत्येकाच्या स्मरणात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी असतात म्हणून मे अखेरीस शस्त्रक्रिया केली, तर पथ्याचे शेवटचे आठवडे पुराच्या तोंडावर येतात. बुटक्या नावेत वाकून चढणे आणि छावणीत सतरंजीवर झोपणे, दोन्ही नव्या सांध्याला परवडणारे नाही. दिवाळीनंतर करावी तर उसाची तोड सुरू असते, घरातील तरुण फडात आणि रस्ते ट्रॉल्यांनी भरलेले. तरीही हीच वेळ त्यातल्या त्यात बरी. उसाची पाळी मागेपुढे करून घेता येते, नदीची येत नाही. पावसाळ्यापूर्वी शस्त्रक्रिया करावीच लागली, तर उंचावरच्या गावातील नातेवाइकाशी आधी बोलून ठेवावे, आणि वॉकर, कमोड खुर्ची, औषधे व चिकटपट्टीचा कागद एका पिशवीत बांधून दाराजवळ ठेवावा. पाणी चढू लागण्याची वाट न पाहता ज्येष्ठांना सर्वांत आधी हलवावे.