जुन्या फिरत्या घराची शाकारणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, “तुम्ही त्या जुन्या गाडीचे जे काही केलेत, ते एकदा मंडळात सांगा.” तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. एखादी पाककृती सांगायची किंवा विणकामाचा नमुना दाखवायचा तर माझी ना नाही. पण पाने-हातोडे घेऊन मोटारीच्या पोटात शिरल्याची कथा मंडळात काय सांगायची, असे वाटले. मग मनात आले, की गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातल्याच चार घरांतून मला विचारणा झाली आहे: ‘जुने मोटरहोम स्वस्तात मिळते आहे, घ्यावे का?’ एकेकीला फोनवर जे सांगितले, तेच आज सर्वांना सांगते. माझ्या फजितीसकट सांगते, कारण उपयोगाचा भाग त्या फजितीतच अधिक आहे.

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्याला मोटरहोम नवे नाही. मालमोटारीसारखी पायाची गाडी आणि तिच्या पाठीवर बांधलेली एक खोली: त्यात ओटा, शेगडी, फ्रीज, बिछाने आणि मोरी. आम्ही घेतलेली गाडी १९९५ साली बांधलेली होती. २०१९ च्या सप्टेंबरात ती आमच्या दाराशी आली, तेव्हा तिचे वय चोवीस वर्षांचे. आमचे हे नुकतेच निवृत्त झाले होते आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा सावकाश पाहावा ही त्यांची फार वर्षांची इच्छा. साठवलेल्या पैशांतला बराच भाग त्यात घातला. इंजिन सुरेख चालत होते. वार्षिक एम. ओ. टी. तपासणीचा ताजा दाखला होता. आत नवा कोरा भिंतीचा कागद, नवे पडदे. आम्ही भाळलो.

इथेच पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. एम. ओ. टी.च्या तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, सांगाड्याचा गंज हे सर्व पाहतात; पण गाडीतल्या खोलीच्या भिंती ओल्या आहेत का, गॅसची नळी सुटली आहे का, हे त्यात पाहत नाहीत. रस्त्यावर चालायला योग्य असलेली गाडी राहायला योग्य असतेच असे नाही. त्यासाठी खोलीची वेगळी तपासणी असते आणि तिचा कागद आम्ही मागितलाच नाही. नवा कागद भिंतीवर का डकवला असेल, हा प्रश्नसुद्धा मला सुचला नाही. घरात ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर लावणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत; तरी सुचला नाही!

ऑक्टोबरच्या पावसात बिछान्यावरच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटला. मी बाजारातून सिलिकोनची नळी आणली, शिडीवर चढून डागाच्या बरोबर मागे बाहेरून जाड थर दिला आणि आतून रंगाचा हात मारला. डाग गेला. ह्यांनी कौतुक केले आणि मीही फुशारले. पुढे २०२० च्या मार्चमध्ये सगळा देश घरात बंद झाला, तेव्हा वेळच वेळ होता म्हणून गाडी झाडायला गेले. कोपऱ्यावर सहज बोट टेकले, तर ते बोट भिंतीत शिरले. आतले लाकूड भिजलेल्या पावासारखे झाले होते.

माझे माहेर रत्नागिरीकडचे. मृगाच्या आधी घर शाकारायला माणसे येत. आजी खालून ओरडून सांगायची, “इथे गळतं रे, देवघराच्या दारात!” आणि वर बसलेला शाकारणारा हसून म्हणायचा, “गळतं तिथं, आजी, पण फुटलंय इथं.” पाणी फुटक्या कौलातून शिरते, रिपेवरून आणि वाशावरून ओघळत जाते आणि वाट संपेल तिथे टपकते. लहानपणी ऐकलेले हे ज्ञान चाळीस वर्षे माझ्या डोक्यात होते, आणि मी डागाच्या मागेच सिलिकोन लावून बसले होते! पाणी शिरत होते चार फुटांवर, छपराच्या झरोक्याच्या कडेतून. ते लाकडावरून चालत कोपऱ्यात येत होते, आणि माझ्या सिलिकोनने त्याची बाहेर पडायची वाटही बुजवून टाकली होती. म्हणजे गळती मी थांबवली नव्हती. आत कोंडली होती.

तेव्हा ह्यांचे माझे थोडे वाजले. हे म्हणाले, “अगं, विकून टाकू. आपल्याला जशी विकली, तशीच. वर नवा कागद चिकटव, दोन दिवसांचे काम.” ते वैतागून बोलत होते हे मला समजत होते, कारण पैसे बुडाल्याची बोच मोठी असते. पण मी म्हटले, “अहो, त्या कागदाखाली कोणाची तरी मुले निजतील.” ते त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पेचकस घेऊन आले आणि भिंतीचा कागद सोलू लागले.

आता भिंतीच्या आत काय असते ते सांगते, कारण हे कळले की निम्मी भीती जाते. आमच्यासारख्या जुन्या गाडीची भिंत म्हणजे एक प्रकारचे सँडविच. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत प्लायवुडचा पातळ तक्ता, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि चौकटीच्या घरांत थर्मोकोल. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात तिथे सांध्यावर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली लांबीसारखा चिकट मसाला भरलेला असतो. सगळे जलरोधन या मसाल्यावर. वीस-पंचवीस वर्षांत तो सुकतो, चिरतो, आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरते. खिडक्यांच्या चौकटी, झरोके, दिव्यांच्या मागच्या बाजू, सगळीकडे हीच कथा.

ओल मोजायचे एक लहान यंत्र मिळते. त्याचे दोन काटे लाकडाला टेकवले की आकडा दिसतो. पंधरा टक्क्यांपर्यंत असला तर निर्धास्त राहावे. पंधरा ते वीस असला तर लक्ष ठेवावे. विसाच्या वर गेला तर कारण शोधल्याशिवाय स्वस्थ बसू नये. मी गाडीचा नकाशा कागदावर काढला आणि हात-हात अंतरावर आकडे लिहिले. मोठ्या आकड्यांची रांग झरोक्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली त्या कागदावर स्पष्ट दिसली. गाडी विकत घेण्याआधी हे यंत्र बरोबर नेले असते, तर पुढचे वर्ष वाचले असते. तुम्ही न्या.

कुंपणापलीकडे एक वृद्ध इंग्रज सुतार राहतात. त्या दिवसांत जवळ यायची सोय नव्हती. ते कुंपणाच्या पलीकडून सांगायचे आणि मी अलीकडून करायची. त्यांनी क्रम शिकवला आणि तो क्रम मोडू नका अशी माझी विनंती आहे. आधी बाहेरून पाणी बंद करणे, मग आत वाळवणे, मग कुजलेले काढणे, मग नवे बसवणे, आणि सर्वांत शेवटी शोभा.

बाहेरची पट्टी सोडवली. जुना मसाला प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडला, कारण लोखंडी पात्याने पत्र्याला चरे पडतात. सांधा व्हाइट स्पिरिटने पुसला. माझे सिलिकोन काढायलाच तीन दिवस गेले. त्याचा अंश राहिला तर वर दुसरे काही नीट चिकटत नाही. मग ब्यूटिलची चिकट फीत लावली, जी कधी कडक होत नाही आणि गाडीबरोबर हलते. पट्टी परत बसवताना गंज न धरणारे पोलादी स्क्रू घातले. झरोक्यालाही तसेच केले. आत ओल शोषणारे यंत्र पाच आठवडे चालले. रोज त्यातले पाणी ओतताना वाटे, एवढे पाणी घेऊन आपण निजत होतो!

कुजलेले लाकूड घट्ट लाकूड लागेपर्यंत कापावे लागते. तिथे माया करू नये. त्याच मापाच्या नव्या पट्ट्या गोंद आणि स्क्रू लावून जोडल्या, थर्मोकोल कापून बसवला, वर नवे प्लायवुड लावले. दाराजवळची जमीन पाय ठेवला की करकरत होती, कारण तिचे थर एकमेकांपासून सुटले होते. तिथे वरच्या थराला भोके पाडून इपॉक्सी राळ पिचकारीने आत भरली, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि वर पाटा-वरवंटा, तांदळाची पोती, जे जड मिळाले ते दिवसभर ठेवले. जमीन दगडासारखी झाली.

विजेचे काम मी थोडे केले, जपून केले. खोलीचे दिवे बारा व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. त्याने झटका बसत नाही, पण दोन तारा एकमेकींना लागल्या तर आग लागू शकते. म्हणून प्रत्येक तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. जुने दिवे दहा वॉटचे होते. सहा लावले की साठ वॉट, म्हणजे पाच अँपियर. शंभर अँपियर-तासांची आपली साधी बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते. म्हणजे दहा तासांत दिवाबत्ती संपली. दोन वॉटचे एल. ई. डी. दिवे लावल्यावर तीच बॅटरी पन्नास तास पुरते. हा हिशेब मी वाणसामानाच्या वहीतच मांडला होता.

आता जे मी केले नाही, ते सांगते. गॅसला मी हात लावला नाही. निर्बंध थोडे सैल झाल्यावर गॅस सेफ नोंदणी असलेला कारागीर बोलावला आणि त्याच्या ओळखपत्रामागे एल. पी. जी.च्या कामाची मुभा लिहिली आहे ना, ते वाचून घेतले. तो आत शिरला तो थेट जमिनीवर पालथा झाला आणि ओट्याखाली हात घालून त्याने एक जुना गालिच्याचा तुकडा बाहेर ओढला. खाली जाळी होती. एल. पी. जी. हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. तो निघून जावा म्हणून जमिनीला भोके ठेवलेली असतात. थंडी येते म्हणून कोणीतरी ती बुजवली होती. आम्ही त्या गाडीत सात रात्री निजलो होतो, शेगडी पेटवून चहा केला होता. भगिनींनो, कुजलेली भिंत पाहून मला रडू आले होते. तो गालिच्याचा तुकडा पाहून रडूही आले नाही, हातपाय गार झाले. वारा येण्याच्या जाळ्या कधीही बुजवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा लावल्यावाचून आत निजू नका. त्या वायूला वास नसतो. थंडीत जाणार असाल तर प्रोपेनचे नळकांडे घ्या. ब्यूटेनची शून्य अंशाच्या सुमारास वाफच होत नाही आणि चहाविना सकाळ काढावी लागते.

इंजिनातला टायमिंगचा पट्टा आणि ब्रेक हेही कारखान्यातच करून घेतले. टायर मात्र तुम्ही स्वतः पाहू शकता. कडेला चार आकडे असतात. ३२११ असे असेल तर तो टायर २०११ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. या गाड्या उभ्याच फार राहतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आत रबर म्हातारे झालेले असते. आमचे चारही बदलले.

एक चूक आणखी सांगते. उत्साहाच्या भरात मी जाड लाकडाची फडताळे केली. वजनकाट्यावर गाडी नेली तेव्हा कळले, की गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनाला आम्ही माणसे आणि सामान चढण्याआधीच टेकलो होतो. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, हेही त्यात धरा. फडताळे काढली आणि पातळ प्लायची केली. आता दगडी पाटा नाही, खलबत्ताही छोटा.

पडदे आणि गाद्यांची आच्छादने सर्वांत शेवटी शिवली. फोम आग लवकर न धरणाऱ्या जातीचा घेतला. गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण त्या पडद्यांचेच कौतुक करतो. मला मात्र त्या कोपऱ्यातली, कोणालाच न दिसणारी नवी लाकडी पट्टी आठवते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही स्कॉटलंडला गेलो. ओबनच्या पुढे दोन दिवस अखंड पाऊस लागला. हे खिडकीशी बसून समुद्र पाहत होते आणि मी दर तासाला उठून कोपऱ्याला हात लावत होते. शेवटी हे म्हणाले, “अगं, आता बस तरी!” कोपरा कोरडा होता. मी बसले. तेव्हाच लक्षात आले, की गाडी उतारावर उभी होती आणि ताक आंबून गेले होते. गॅसवर चालणारा तो फ्रीज समपातळीवर असल्याशिवाय नीट थंड करत नाही! तेवढे एक शिकायचे राहिले होते.

तेव्हा घ्यावी का जुनी गाडी? जरूर घ्यावी, पण नव्या कागदावर भाळू नये, ओलीचे यंत्र बरोबर न्यावे, आणि एक पावसाळा दुरुस्तीसाठी धरून ठेवावा. यंत्र ज्यांना हवे असेल त्यांनी माझ्याकडून घेऊन जावे. ते मंडळाच्या कपाटात ठेवावे असे मी चिटणीसबाईंना सुचवले आहे.