पिकले पान



मी कापडाचा व्यापारी. ऋतू मला आकाशाआधी दुकानाच्या फळीवर दिसतो. वैशाखात लग्नसराईच्या साड्या, ज्येष्ठात गणवेशाचे तागे, थंडीत शाली. दिवाळीच्या मालाची मागणी आषाढातच नोंदवावी लागते. चातुर्मासही तेव्हाच सुरू होतो.

अशाच एका आषाढात वडिलांनी मागणी नोंदवली. पुढे पर्युषणात, संवत्सरी प्रतिक्रमणानंतर त्यांनी घरातील प्रत्येकाची क्षमा मागितली. माझ्यासमोर, पोटच्या मुलासमोर, त्यांनी हात जोडलेले पाहून मी संकोचलो आणि "दादा, हे काय!" म्हणत निघून गेलो. आश्विनात गाठी आल्या. मागणीच्या कागदावर दादांचे अक्षर होते, दादा नव्हते.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनाचे नाव 'द्रुमपत्रक'. झाडाच्या पिकल्या पानाची उपमा देऊन भगवान महावीर गौतमस्वामींना सावध करतात. अनित्य भावना मी पाठशाळेत पाठ केली होती. उमगली मात्र त्या गाठी सोडताना. त्या लक्ष्मीपूजनाला वही पुजली खरी, पण मन पावापुरीला, प्रभूंच्या निर्वाणापाशी होते.

आता मागणी मी नोंदवतो. मुलगा म्हणतो, "या वयात माल बेताने घ्या." मी पुरता घेतो! श्रद्धेसाठी व्यवहार आखडावा असे मला वाटत नाही. संवत्सरीला मात्र त्याच्यासमोर हात जोडतो. तोही संकोचून निघू पाहतो. मी त्याला जाऊ देत नाही.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.