मुहूर्त, तिकीट आणि दुसऱ्या पानावरची सही



पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘अमेरिकेतील विद्यापीठं आणि बदलते प्रवासनियम’. मी बोलणार आहे लग्नाच्या मुहूर्तांवर. (हशा) हसू नका. एका अमेरिकन विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात मी बावीस वर्षं काढली. माझं ठाम मत आहे की तिथल्या आपल्या मुलांचा प्रवास वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही, तुमच्या दिवाणखान्यात ठरतो.

आय-ट्वेंटी म्हणजे काय, एफ-१ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. या सभागृहात त्याचा अभ्यास पंचांगापेक्षा जास्त असेल. एप्रिल २०२५ मध्ये हजारो मुलांच्या सेव्हिसमधल्या नोंदी एका फटक्यात रद्द झाल्या आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर परत जिवंत झाल्या, तेही तुम्ही वाचलंय. पुढे जाऊ.

आपण फोनवर एकच प्रश्न विचारतो, ‘व्हिसा आहे ना रे?’ प्रश्नच चुकीचा. व्हिसा हा दाराशी उभं राहायचा परवाना. आत राहण्याचा हक्क आय-ट्वेंटी आणि आय-९४ वर. पासपोर्टातला व्हिसा संपला म्हणून तिथं शिकणं बेकायदा होत नाही. पण देशाबाहेर पडलात की परत शिरायला साधारणपणे नवा लागतो. आणि आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर विद्यापीठाची प्रवासासाठीची सही लागते. ती शिकताना वर्षभर चालते, ओपीटीवर सहाच महिने, मग शिळी.

माझ्याकडे एक मुलगा आला. पीएच.डी.चं तिसरं वर्ष, बहिणीचं लग्न, गुरुवारी दारात उभा आणि शनिवारचं तिकीट. ‘सर, फक्त सही.’ मी केली. व्हिसा कधी संपला, हे विचारलं नाही. तो संपला होता. इथं मुलाखत झाली, हातात एक चिठ्ठी मिळाली, अधिक तपासणी चालू आहे म्हणून. आईचा मला फोन, ‘सर, तुमचं थोडं वजन वापरा ना.’ माझं वजन तेव्हा शंभर किलो होतं, पण वकिलातीत त्याला किंमत नाही. (हशा) अकरा आठवडे गेले. त्याचे शिकवण्याचे तास दुसऱ्याला दिले गेले, खोलीचं भाडं मित्रांनी भरलं. पुढे त्याच्या घरी गेलो तेव्हा माउलीनं लग्नाचा अल्बम काढला. हळदीला त्याची मान खाली, सीमांतपूजनाला खाली. अक्षता पडतायत आणि हा मांडवाच्या खांबाला टेकून मोबाइलवर आपली केस कुठवर आली ते बघतोय. अख्ख्या अल्बममध्ये त्याचं तोंड वर असलेला एक फोटो नाही. ती सही माझी होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आज इथं सांगतोय.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. हो, आवरतो.

नोकरदारांचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी साठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, आपल्याकडे शनिवारी पहाटे कळली. रविवारी सर्वपित्री अमावास्या. माझ्या ओळखीच्या एक प्राध्यापिका आईचं पान वाढायला आल्या होत्या, त्या शनिवारीच विमानात बसल्या. उतरेपर्यंत खुलासा आला होता की हे फक्त नव्या अर्जांना. तेव्हा मी त्यांना काय सल्ला दिला असता? हाच, की निघा. शहाण्या माणसालाही त्या रात्री दुसरं सुचलं नसतं.

मागे एका गावात एक काका चिडून म्हणाले, ‘म्हणजे पोरांनी घरी यायचंच नाही का?’ मी असं म्हटलेलं नाही. यावं. पण आपला क्रम उलटा आहे. आधी मुहूर्त, मग हॉल, मग तिकीट, आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठाला विचारणा. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना नूतनीकरणालाही प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते, आणि अर्ज आपल्या किंवा राहत्या देशातच करायचा. मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून आणायची जुनी युक्ती गेली. तेव्हा व्हिसा संपलेला असेल तर मुलाखतीची वेळ आधी, हॉलची पावती नंतर. भटजी दुसरा मुहूर्त काढून देतात, वकिलात देत नाही. (टाळ्या) आणि तुमच्यातल्या कित्येकांच्या कपाटात दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा पडून आहे. लग्न नसेल, नुसती भेट असेल, तर यंदा तुम्ही जा.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं. कागदांच्या फाइलबद्दल बोलायचं राहिलं. एवढंच, की ती हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात नाही.

आज रात्री फोन कराल तेव्हा जेवलास का विचाराच, पण दुसऱ्या पानावरच्या सहीची तारीखही विचारा. प्रश्न असतील त्यांनी बाहेर चहापाशी यावं, मी थांबतो.