संकटकाळातील प्रार्थना आणि तिची भाषा

(डिंडोली, सुरत येथील व्याख्यानाचा मजकूर)



जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे या भागात राहतात. बाजारात आपण गुजराती बोलतो, कारखान्यात हिंदी. पण घरात कोणी दगावले की तोंडून शब्द येतात ते आईच्या भाषेतले. प्रार्थनेचेही असेच आहे. ख्रिस्ती प्रार्थनेच्या संदर्भात हे समजून घ्यायचे, तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहावे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. १८७०च्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून पुढची दुःखे टळली, असे मात्र झाले नाही.

संकटात देवाकडे मार्गदर्शन मागणे म्हणजे भविष्य विचारणे नव्हे. गेथशेमाने बागेत येशूने आधी दुःखाचा प्याला टळावा असेच मागितले आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. स्तोत्रसंहितेतही भक्त देवाजवळ उघड गाऱ्हाणे मांडतो. मनातले दडवून ठेवण्याची सक्ती या परंपरेत नाही. गाऱ्हाणे मांडून झाल्यावर आता आपण काय करायचे, हा प्रश्न उरतो. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंना उत्तर मिळाले ते कामाच्या रूपाने. आपण स्वतः कशा उपाशी वणवण फिरलो होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणि विधवांना आपल्याकडे आणले. पुढे ‘छप्पनिया’ म्हणून गुजरात ज्याची आठवण काढतो, त्या दुष्काळात इथल्या मुलीही केडगावच्या मुक्तीसदनात पोहोचल्या. गुजरात आणि मराठी प्रार्थना यांचे नाते असे जुने आहे.

या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. त्यांना संस्कृतप्रचुर मराठीतले शास्त्रवचन कळावे कसे? म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. स्वतः संस्कृत पंडिता असलेल्या बाईने हा निर्णय घ्यावा, याचे मोल भाषेच्या अभ्यासकांनी ओळखायला हवे. १९२१मध्ये मनोरमाही गेली. तरीही अनुवादाचे काम थांबले नाही. एप्रिल १९२२मध्ये रमाबाईंचे निधन झाले आणि पुढे १९२४मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही (१८६१–१९१९) अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत आणली. वारकऱ्याने विठ्ठलाला माउली म्हणावे, तसे त्यांनी ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारली. देवाला ‘तू’ म्हणण्याची मराठीची सवय त्यांच्या कामी आली.

आपली मुले आता इतर माध्यमांच्या शाळांत शिकतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण संकटाच्या घडीला त्यांच्याजवळ घरचे चार शब्द असावेत. तेव्हा घरातली आजी अहिराणीत प्रार्थना करत असेल, तर तिची भाषा सुधारू नका. नातवंडांना तिच्या शेजारी बसवा आणि ऐकू द्या.