उल्लेख आणि इल्लीगल



पत्रिकेत आजचा विषय 'इंग्रजी शब्दसंपत्ती आणि उपसर्ग' असा छापला आहे. तो वाचून काहींना स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधला तक्ता आठवला असेल. 'प्री' म्हणजे आधी, 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'सब' म्हणजे खाली, 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. मुलं तो घोकतात, परीक्षा झाली की विसरतात. तक्त्यात चूक काही नसते. मात्र मराठी मुलाला तो असा शिकवतात, जणू उपसर्ग हा प्रकार त्याने जन्मात पाहिलेला नाही.

आपण तर शाळेत 'हृ' धातूची गंमत शिकलेली माणसं. हृ म्हणजे नेणे, घेणे. त्याला आ लावला की आहार, वि लावला की विहार, सम् लावला की संहार, प्र लावला की प्रहार. लॅटिनमध्ये जवळजवळ याच अर्थाचा एक धातू आहे, 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणे. माल आत आणला की इम्पोर्ट, बाहेर पाठवला की एक्स्पोर्ट, पलीकडे नेला की ट्रान्सपोर्ट. माणसाला देशाबाहेर काढलं की डिपोर्ट, बातमी परत आणून सांगितली की रिपोर्ट, खालून उचलून धरलं की सपोर्ट.

सपोर्टमध्ये 'सब'चा 'सप' झाला, तो का? विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतो तो इथेच, म्हणून इथे जरा थांबतो. नकाराचा 'इन्' घ्या. ॲक्टिव्हचं इनॲक्टिव्ह, इथे तो जसाच्या तसा आहे. पण पॉसिबलचं इम्पॉसिबल, लीगलचं इल्लीगल, रेग्युलरचं इर्रेग्युलर. मार्गदर्शकांत इन्, इम्, इल्, इर् असे चार उपसर्ग चार ओळींत दिलेले असतात आणि मुलं ते चार म्हणूनच पाठ करतात. आता व्याकरणाचा तास आठवा. उत् अधिक लेख, उल्लेख. उत्‌मधला त् पुढच्या ल्‌मध्ये मिसळून गेला. इल्लीगलमध्ये न् तसाच मिसळला आहे. 'संतोष' आणि 'संपत्ती' हे दोन शब्द सावकाश उच्चारून पाहा. अनुस्वार एकच, पण पहिल्यात न् ऐकू येतो आणि दुसऱ्यात म्, कारण प म्हणायला ओठ मिटावेच लागतात. इम्पॉसिबलमध्ये म् येतो तोही याच कारणाने. हा नियम आपल्या तोंडात आधीच आहे, मग त्याचे चार तुकडे कशाला पाठ करायचे?

दुसरं उदाहरण. योग्यचं अयोग्य होतं, पण उचितचं अनुचित. पुढे स्वर आला की अ‌चा अन् होतो. ग्रीकमधून इंग्रजीत आलेले शब्दही हेच करतात. देव न मानणारा तो एथिस्ट, पण सत्ताच नसणं म्हणजे ॲनार्की. हा योगायोग नव्हे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं, तेही एका व्याख्यानातच. आपला अ किंवा अन्, ग्रीकांचा ॲन, लॅटिनचा इन् आणि 'अनहॅपी'मधला खास इंग्रजी अन्, ही सगळी सख्खी भावंडं. 'अनलॉक'मधला अन् मात्र या घरातला नाही. तो नकार देत नाही, केलेली कृती उलटवतो. २०२० नंतर हा शब्द मराठी बातम्यांत इतका रुळला, की त्याचा वेगळेपणा कुणाला जाणवतही नाही.

भूमितीतली परिमिती घ्या. इंग्रजीत पेरिमीटर. परि आणि पेरि एकच, आणि मिती व मीटर हेही मोजण्याच्या एकाच मुळातून आलेले. डिस्लेक्सिया, डिसेंट्री यांतला 'डिस' म्हणजे आपला दुस्, दुर्. त्याचं स्पेलिंग वायने होतं. डिसॲग्रीमधला आयवाला डिस लॅटिनचा, तो वेगळा. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून इथे डोळ्यांवर विसंबावं.

मग शिकायचे किती? १९८९ मध्ये व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा या अमेरिकी अभ्यासकांनी शालेय पुस्तकांतले उपसर्गयुक्त शब्द तपासले. २० उपसर्गांत ९७ टक्के शब्द बसले. त्यांतही अन्, री, इन् आणि डिस या चौघांनीच ५८ टक्के व्यापले होते. इन्‌मध्ये अर्थातच इम्, इल्, इर् आले. म्हणजे सुरुवात या चारांपासून करावी. लांबलचक याद्या विकणाऱ्यांना हे आवडणार नाही.

पण उपसर्गावरून अर्थाचा अंदाज बांधायला निघालात तर फसाल. टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. नकाराचा इन् समजून तिथे कुणी काडी ओढली तर भडका उडेल. हा इन् 'आत'वाला आहे, शब्दाचा अर्थ ज्वालाग्राही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे. त्याचं मोल करता येत नाही, आपल्या अमूल्यसारखंच. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावणं, हे सरळ आहे. सस्पेक्ट म्हणजे खालून, चोरून पाहणं, तेही पटतं. पण रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणं, यावरून 'आदर' हा अर्थ कोण ओळखेल? वि आणि हृ जोडून विहार तरी कुणी ओळखला असता? म्हणून क्रम असा असावा: शब्द आधी वाक्यात भेटू द्या, अर्थ कोशात पाहा, आणि मग त्याची फोड करा. फोड केलेला शब्द सहसा विसरत नाही.

शेवटी 'प्रीपोन'बद्दल, कारण तो प्रश्न हमखास येतो. सभा पुढे ढकलली की पोस्टपोन, अलीकडे आणली की प्रीपोन. हा दुसरा शब्द आपल्या भारतीय इंग्रजीने चालवला आणि शुद्धतावाद्यांनी त्याची पुष्कळ टिंगल केली. आता तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. माझ्या मते टिंगल करणाऱ्यांचं लॅटिन कच्चं होतं. 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, आणि 'प्राएपोनेरे', आधी ठेवणे, हे क्रियापद रोमन लोक वापरतच होते. शाळेत आपल्याला छळणारं प्रिपोझिशन त्यातूनच आलं.