वृद्धांचा मधुमेह : साखर किती उतरवावी?



यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील कर्ती माणसे सकाळीच शेताची वाट धरतात. मागे उरतात मुले आणि वृद्ध. अशा घरातील सत्तरीच्या आजीला मधुमेह असेल, तर सकाळची गोळी ती न चुकता घेते. भाकरी मात्र केव्हा मिळेल याचा नेम नसतो. वृद्धांच्या उपचाराचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

साखर जितकी खाली तितके बरे, ही समजूत सर्वत्र आहे. ती निराधार नाही. ब्रिटनमधील १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासाने, काटेकोर नियंत्रणामुळे डोळे व मूत्रपिंडे यांची हानी घटते, हे दाखवून दिले. परंतु त्यात पासष्टीपुढील रुग्ण घेतलेच नव्हते, आणि तो लाभ पदरी पडण्यास अनेक वर्षे लागतात. पुढे अमेरिका व कॅनडातील ‘अकॉर्ड’ प्रयोगात साखर फार खाली आणू पाहिलेल्या गटात २५७ मृत्यू झाले, तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात २०३. २००८ साली तो कठोर उपचार थांबवावा लागला.

म्हणूनच तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सी चाचणीत धडधाकट वृद्धांसाठी ७ ते ७.५ टक्क्यांच्या आत, तर अनेक व्याधींनी ग्रासलेल्यांसाठी ८ टक्क्यांच्या आत, असे सैल उद्दिष्ट आज सुचविले जाते.

साखर एकाएकी उतरली की वृद्ध माणूस भांबावतो, असंबद्ध बोलतो, पडतो. आणि घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात. ग्लिबेनक्लामाइड ही स्वस्त गोळी दीर्घकाळ साखर उतरवीत राहते. मूत्रपिंडे दुबळी असली तर अधिकच. वृद्धांना ती शक्यतो देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार उतरत नाही. मात्र त्यासाठीही मूत्रपिंडांची तपासणी हवीच.

याचा अर्थ वृद्धांना वाऱ्यावर सोडावे असा नव्हे. अति वाढलेल्या साखरेने शरीर शुष्क होते, पायाची जखम चिघळते. उपचार हवाच, तो त्या माणसाच्या जगण्याला जुळणारा हवा.

कार्यकर्त्यांनी घरोघर विचारावे : जेवण केव्हा होते? दिवसा सोबत कोण असते? उपवास किती? अलीकडे पडणे झाले काय? ही उत्तरे डॉक्टरांपर्यंत पोचवावीत. गोळी परस्पर बंद करू नये. आणि मूत्रपिंडांची तपासणी व सुरक्षित औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळावीत, हा आग्रह धरावा. भाकरीची वेळ ठाऊक नसताना गोळीची मात्रा ठरविणे, हा अर्धाच उपचार होय.